मोहिमेचं इंग्रजी लिहिताना: कोलोकेशन कोशाचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या गिर्यारोहण संस्थेचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे शिखराचा अर्ज, प्रायोजकांना पत्रं, परतल्यावर अहवाल. गेल्या पावसाळ्यापासून या कामाला कोलोकेशनचा कोश, म्हणजे कोणत्या इंग्रजी शब्दाशी कोणता शब्द जुळतो ते दाखवणारा कोश, टेबलावरच असतो. इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं, पण लिहायला बसलं की पेन अडतं, अशांनी तो जरूर घ्यावा.

'एक्स्पिडिशन'ची नोंद काढली की आधी विशेषणं, मग क्रियापदं: 'माउंट', 'लीड', 'जॉइन', 'गो ऑन'. शिखराच्या नावाआधी 'टू' लागतो, हेही तिथेच मिळतं. आमच्या मुलांच्या अहवालांतलं सरसकट 'डिड' यामुळे गेलं, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

अडचण एकच, पण मोठी. कोश जोड्या ओळीने मांडतो. कोणती कुणाच्या तोंडी शोभते ते सांगत नाही. १९५३ ची एव्हरेस्ट मोहीम घ्या. ती 'माउंट' केली, म्हणजे उभी केली, लंडनच्या जॉइंट हिमालयन कमिटीने, 'लीड' केली जॉन हंट यांनी, आणि हिलरी-तेनसिंग तिच्यात 'जॉइन' झालेले सदस्य. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं. विशेषणांचंही तेच. 'रीकॉनिसन्स' म्हणजे १९२१ सारखी, वाट शोधायला निघालेली मोहीम. शिखर गाठायचंच असेल तर अर्जात हा शब्द नको. 'इल-फेटेड', म्हणजे दुर्दैवी, हा तर जपूनच. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये स्कॉट आणि त्यांचे चार सोबती मरण पावले, त्या मोहिमेला तो शोभतो. हवा बिघडली म्हणून सगळे सुखरूप खाली आले, तर साधं 'अनसक्सेसफुल' लिहावं. प्रायोजकाच्या हातात पत्र पडणार आहे, हे विसरून कसं चालेल?

डोंगरातल्या रोजच्या कामाचे शब्दही यात कमीच. दोर बांधून ठेवणं म्हणजे 'फिक्स रोप्स', वरच्या कॅम्पला सामान पोचवणं म्हणजे 'फेरी लोड्स', हे मी जुने मोहीम-अहवाल वाचून वहीत उतरवून घेतले. कोश आणि अहवाल शेजारी ठेवून काम करा, मगच त्याचं खरं चीज होतं.

छापील प्रतीचा टाइप बारीक आहे. रात्री लिहिणाऱ्यांनी मोबाइलवरची आवृत्ती घ्यावी. शब्द शोधायलाही ती झटपट आहे.