समुद्रात अस्थी सोडायच्या: ड्रोन, होडी की किनारा?

ड्रोनला खाली कप्पा लावायचा, त्यात रक्षा भरायची, समुद्रावर नेऊन कप्पा उघडायचा. ब्रिटन-अमेरिकेत ही सेवा पैसे मोजून मिळते. तिचे व्हिडिओ आपल्या कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही फिरतात आणि न्यू जर्सीतला भाचा पुण्यातल्या मामांना विचारतो, "बाबांचं असं केलं तर चालेल ना?" चालेल की नाही, ते घरच्यांनी आणि गुरुजींनी ठरवावं. जमेल की नाही, याचं उत्तर मात्र बरंच ठामपणे देता येतं.

आधी हातात काय आहे ते बघा

निम्मा निर्णय इथेच होतो. परदेशातल्या दाहिनीतून अस्थी यंत्रात दळून मिळतात. प्रौढ माणसाची रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते. करडी-पांढरी, जाडसर वाळूसारखी, कोरडी. ड्रोनचे कप्पे याच रूपाचा विचार करून बनवलेले असतात.

आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात. गार झालेल्या राखेतून हाडांचे तुकडे वेचायचे, त्यांवर दूध-पाणी शिंपडायचं, मडक्यात किंवा तांब्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायचं. पुष्कळ घरांत हे मडकं उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. त्यात जे असतं ते ओलसर असतं, काही तुकडे बोटाएवढे लांब. असा ऐवज ड्रोनच्या झडपेत अडकतो, आणि सुटलाच तर खड्यासारखा सरळ खाली पडतो. व्हिडिओत दिसणारा तो धुरासारखा पांढरा पट्टा निघत नाही. तो हवा असेल तर अस्थी दळून घ्याव्या लागतील, आणि घरातलं कोणी त्याला धजेल असं मला वाटत नाही. त्यामुळे स्मशानातून सावडलेल्या अस्थी असतील, तर ड्रोनचा विचार तिथेच सोडा. पुढचा ड्रोनचा भाग दळलेली रक्षा हातात असलेल्यांसाठी आहे.

ड्रोन: खरी अडचण अंतराची

लग्नात फोटो काढणारा छोटा ड्रोन २४९ ग्रॅमचा असतो. तो दोन किलो काय उचलणार? एकतर मोठं यंत्र हवं, नाहीतर मूठ-दोन मूठ रक्षाच ड्रोनने सोडायची. शिवाय पंख्यांचा झोत खाली येतो आणि रक्षा त्या झोतात सापडते. कप्पा लोंबता ठेवला आणि वाऱ्याकडे पाठ करून उघडला, तरच ती नीट पसरते. हे सरावाचं काम आहे, भाच्याच्या मित्राचं नाही.

आता कायदा. अमेरिकेत समुद्रात रक्षा सोडायची तर पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) नियमाप्रमाणे किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, आत जावं लागतं. दुसरीकडे विमान वाहतूक प्रशासन (एफएए) म्हणतं की ड्रोन उडवणाऱ्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसत राहिला पाहिजे. साडेपाच किलोमीटरवरचा ड्रोन कोणाला दिसतो? हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवले की कळतं, किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसायचं आणि ड्रोनने काम करून यायचं, हे तिथे नियमात बसवणं जवळपास अशक्य आहे. ड्रोन बोटीवरूनच उडवावा लागतो. आणि बोट घेऊन तिथवर गेलातच, तर हाताने सोडायला काय हरकत आहे?

ब्रिटनचं उलट आहे. इंग्लंडमध्ये समुद्रात रक्षा सोडायला परवाना लागत नाही, अंतराची अशी अटही नाही. पण ड्रोनच्या नेहमीच्या खुल्या श्रेणीत हवेतून काहीही टाकायला मनाई आहे. त्यासाठी नागरी विमान प्राधिकरणाची (सीएए) वेगळी परवानगी लागते. ती ज्याच्याकडे आहे, त्यालाच काम द्या. कागद मागायला संकोच करू नका. ज्याच्याकडे ती असते तो लगेच दाखवतो.

भारतात २०२१चे ड्रोन नियम लागू आहेत. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. रक्षेसह वजन दोन किलोच्या वर गेलं की ड्रोन 'स्मॉल' वर्गात जातो आणि उडवणाऱ्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत तर विसरूनच जा. विमानतळ आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, नौदलाचे तळ आहेत आणि पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात. नौदलाच्या आस्थापनांपासून ३ किलोमीटरच्या आत ड्रोन दिसला तर तो पाडण्याचा इशारा २०२१ मध्येच दिला गेला होता. गोव्यात दाबोळी विमानतळाच्या आसपासही तीच गोष्ट. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हिरवे पट्टे सापडतील, पण सापडेपर्यंत दहावा उलटून जाईल.

आकाशातून रक्षा सोडणं परंपरेला धरून नाही, असं कोणी म्हणालं तर एक आठवण करून द्या. पंडित नेहरूंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी आणि बाकीची बरीचशी विमानातून शेतांवर विखरावी. १९६४ मध्ये ते तसं केलंही गेलं. म्हणजे प्रश्न उंचीचा नाही, हात कोणाचा याचा आहे. ड्रोनचं बटण पायलट दाबतो. काही ठिकाणी घरच्यांना दाबू देतात, पण आधी विचारून ठेवा. अपसव्य करून (जानवं उजव्या खांद्यावर घेऊन), दक्षिणेकडे तोंड करून ओंजळीतून सोडण्याची सवय असलेल्या माणसाला बटण दाबताना काय वाटेल, ते त्यालाच विचारावं लागेल.

तरीही एक घर असं आहे जिथे मी ड्रोनच्या बाजूने बोलेन. ब्रिटनमध्ये राहणारी आई चाकाच्या खुर्चीत आहे, बोटीत चढू शकत नाही, वडिलांची रक्षा दळलेलीच आहे आणि तिला स्वतःच्या डोळ्यांनी ती समुद्रात जाताना बघायची आहे. तिथे किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटरवर, वारा पडलेला असताना, परवानगी असलेल्या माणसाकडून हे सुंदर होऊ शकतं. पावसाळी किंवा वादळी दिवस निघाला तर पुढची तारीख मिळते का, हे मात्र पैसे भरण्याआधी लिहून घ्या.

होडी

मोठं कुटुंब, हाडांचे तुकडे, स्वतःच्या हाताने सोडायची इच्छा: या तिन्हींना होडी पुरते. महात्मा गांधींच्या रक्षेचा एक कलश इतक्या वर्षांनंतर ३० जानेवारी २००८ रोजी विसर्जित झाला, तोही गिरगाव चौपाटीसमोर समुद्रात बोटीतून.

होडीत एकच चूक होते, पण ती फार लागते. रक्षा वाऱ्याच्या तोंडाशी सोडली की परत अंगावर येते, केसांत, कपड्यांत. नाखव्याला विचारा की वाऱ्याची आडोशाची बाजू कोणती, आणि तिथे वाकून, मडकं पाण्याला टेकवून हळूच कलतं करा. उभं राहून उधळायचं नाही. थंडी-उन्हाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, दुपारी खारे वारे उलटे फिरतात. म्हणून सकाळी लवकर निघा, लाटाही कमी असतात.

कोकणात बऱ्याच ठिकाणी धक्का नसतो. गुडघाभर पाण्यातून जाऊन होडीच्या काठावरून आत चढावं लागतं. सत्तरीच्या आत्याला हे आधी सांगा, तिथे पोचल्यावर नको. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळतंय ना, तेही बघा.

अडचण पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जुने कोळी नारळी पौर्णिमेआधी दर्याला हात लावत नाहीत. त्या दिवसांत ड्रोनही पावसात उडत नाही. जुलैत गेलेल्या माणसासाठी समुद्रच हवा असेल तर किनारा, नाहीतर थांबणं.

किनारा

सर्वांत स्वस्त, आणि विधी करायचा असेल तर सर्वांत सोपा. हरिहरेश्वरला गुरुजी, पिंडदान, समुद्र सगळं एका जागी मिळतं. फक्त भरती-ओहोटी न बघता जाऊ नका. भरती चढत असताना सोडलेल्या अस्थी पुढच्या लाटेबरोबर पायाशी येतात, आणि ते बघणं वाईट असतं.

कोकणात एक ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास समुद्र भरलेला, मग सहा तास ओहोटी. त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला पोचलात तर पाणी मागे जायला लागलेलं असतं आणि वाराही बहुधा अजून समुद्राकडेच असतो. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीची ओढ जास्त असते, तेव्हा घोट्याच्या वर पाण्यात उतरू नका. खडकांवर शेवाळ असतं.

समुद्रच का?

हे शेवटी विचारतोय, पण खरं तर आधी विचारायला हवं. गेलेल्या माणसाने समुद्र सांगितला असेल तर प्रश्न मिटला. तसं नसेल तर नाशिकचं रामकुंड आहे, वाईची कृष्णा आहे. ब्रिटनमध्ये लेस्टरजवळ सोअर नदीत हिंदू-शीख कुटुंबं बोटीवरून रक्षा सोडतात. कार्डिफला टॅफ नदीवर २०२१ पासून त्यासाठी ठरलेली जागा आहे. भारतात आणायची असेल तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, आणि डबा धातूचा नको, क्ष-किरणांत आतलं दिसलं पाहिजे.

पूर्ण रक्षा एकाच मार्गाने जायला हवी असंही नाही. मूठभर ड्रोनने, बाकी होडीतून, असं केलं तरी चालतं. अमेरिकेत असाल तर हार-फुलं प्लास्टिकची नकोत, आणि विसर्जनानंतर ३० दिवसांच्या आत ईपीएला कळवायचं असतं. हे काम एका कोणावर तरी नाव घेऊन सोपवा.