घरी ग्रोथ हार्मोन देताना : पावडरची कुपी की तयार पेन?

मुलीला रोज रात्री ग्रोथ हार्मोनचे इंजेक्शन घरीच द्यायचे ठरले, तेव्हा कुपीतली पावडर विरघळवून सिरिंजने देणे किंवा तयार द्रावणाचे पेन (पेनच्या आकाराचे इंजेक्शनचे साधन) घेणे, असे दोन मार्ग आमच्यापुढे होते. आम्ही दोन्ही वापरले आहेत.

पावडर तयार करणे मुळीच अवघड नाही. रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे, सोबत आलेलेच पाणी काचेच्या कडेने हळूहळू सोडावे आणि कुपी दोन्ही तळहातांत अलगद फिरवावी. जोराने हलवल्यास फेस येतो आणि औषधातले प्रथिन बिघडू शकते. द्रावण गढूळ दिसले किंवा त्यात कण तरंगताना दिसले, तर ते वापरू नये. हात लवकर बसतो आणि खर्चही, निदान आमच्या बाबतीत, पेनपेक्षा बराच कमी आला.

माझे मन पावडरवरून उडाले ते सिरिंजवरच्या रेघांमुळे. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात: लाल टोपणाची, १ मिलीला ४० युनिटच्या रेघांची आणि नारिंगी टोपणाची, १ मिलीला १०० युनिटच्या रेघांची. या रेघा इन्सुलिनच्या मापाच्या असतात, हार्मोनच्या नव्हे. समजा, ४ युनिटची पावडर १ मिली पाण्यात विरघळवली आणि मात्रा १.६ युनिट आहे, तर ०.४ मिली औषध घ्यावे लागते. नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर ते ४० च्या रेघेपर्यंत येते. लाल टोपणाच्या सिरिंजवर त्याच ४० च्या रेघेपर्यंत भरले तर अख्खी कुपी, म्हणजे अडीचपट मात्रा, जाते. धंतोलीतल्या एका दुकानात मी नारिंगी टोपणाची मागितली असता ‘दोन्ही सारख्याच’ म्हणून लाल टोपणाची पुढे करण्यात आली. त्या रात्रीपासून प्रत्येक वेळी टोपण, रेघ आणि चिठ्ठी तिघांचा मेळ घालणे हे इंजेक्शन टोचण्यापेक्षाही जड वाटू लागले.

पेनमध्ये मात्रा चकतीवर फिरवून खिडकीत आकडा वाचायचा असतो. नवी सुई दर वेळी लावावी लागते, टोचल्यावर काही सेकंद थांबावे लागते, कार्ट्रिजच्या (पेनमधल्या औषधाच्या नळीच्या) तळाशी उरलेले थोडे औषध कधी वाया जाते, हे खरे आहे; पण रेघांचा तो मेळ घालावा लागत नाही.

थंडाव्याच्या बाबतीत मात्र पेन काही सरस नाही. दोन्ही २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्यापासून दूर ठेवावे लागतात. काही पावडरींना मिसळण्याआधी २५ अंशांपर्यंतची मुभा असते, पण मे महिन्यातल्या नागपुरात ती मुभा घरात कुठे सापडणार? मिसळलेले औषध किती दिवस चालते, हे पाण्यात जंतुरोधक आहे की नाही यावरही ठरते, म्हणून त्या कुपीसोबतचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे.

ज्यांना खर्च झेपतो त्यांनी पेनच घ्यावे, असे मला वाटते. डॉक्टरांनी पावडर लिहून दिली असेल, तर मात्रा मिलीमध्ये, सिरिंजच्या टोपणाचा रंग आणि नेमकी रेघ हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि पहिली कुपी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने तयार करून दाखवावी.