बॅलन्स ट्रान्सफर कार्ड: मुदत संपत आल्यावरचा अनुभव

जुन्या कार्डावरची थकबाकी या कार्डावर वळवून बरेच महिने झाले. सवलतीची मुदत संपत आली आहे आणि बाकीही, म्हणून आता लिहितोय.

जाहिरातीत सवलतीचं शून्य टक्के व्याज ठळक, बाकी वळवण्याची फी बारीक अक्षरांत. ही फी बहुधा ३ ते ५ टक्के असते आणि सुरुवातीलाच बाकीत मिळवली जाते. तरी परवडतं का? समजा बाकी १,००,०००, जुन्या कार्डाचं व्याज महिना २ टक्के, नव्यावर १२ महिने बिनव्याजी आणि फी ३ टक्के. १,०३,००० चे १२ भाग केले की हप्ता सुमारे ८,५८४. वर्षात खातं कोरं. तेवढाच हप्ता जुन्या कार्डावर भरला असता, तर वर्षअखेर साधारण ११,७०० उरलेच असते. मात्र बाकी दोन महिन्यांत फिटणार असेल तर व्याज जवळपास फीइतकंच होतं, मग हा खटाटोप कशाला?

खरी मेख आहे ‘मिनिमम ड्यू’मध्ये, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणाऱ्या किमान रकमेत. व्याज नसल्यामुळे तो आकडा फारच प्रेमळ दिसतो. तेवढंच भरत गेलं तर मुदत संपताना बरीचशी बाकी तशीच, आणि त्यावर नेहमीचा चढा दर सुरू. म्हणून मी ऑटो-पे मिनिममवर न ठेवता स्वतः काढलेल्या हप्त्यावर ठेवला. एक हप्ता चुकला तरी सवलत रद्द करण्याची अट बऱ्याच कार्डांवर असते, तेव्हा ऑटो-पे हवाच.

ट्रान्सफर लगेच होत नाही. कधी काही दिवस, कधी दोनेक आठवडे. तोवर जुन्या कार्डाची ड्यू डेट आली तर तिथेही भरावं लागतं. सगळे पैसे वळते झाल्यावरही जुन्या कार्डाच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज आलं. आधीच्या स्टेटमेंटपासून पैसे पोहोचेपर्यंतचं ते. रक्कम किरकोळ, पण न बघता सोडली तर त्यावर लेट फी.

लिमिट मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, आणि फीसुद्धा त्याच लिमिटमधून गेली, त्यामुळे थोडी बाकी जुन्या कार्डावरच ठेवून वेगळी फेडली. एकाच बँकेच्या दोन कार्डांत सहसा ट्रान्सफर होत नाही, हे अर्ज करण्याआधी बघा.

खरेदीसाठी हे कार्ड वापरलेलं नाही. शून्य टक्के वळवलेल्या बाकीला; नव्या खरेदीला ते लागू असेलच असं नाही, आणि बाकी असताना खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागू शकतं.

तक्रार एकच: सवलत नेमकी कधी संपते ते ॲपमध्ये सापडत नाही. कस्टमर केअरकडून तारीख लेखी मागवून घेतली. शेवटचा हप्ता त्या तारखेच्या एक स्टेटमेंट आधीच जाईल असा लावला आहे.