गाउसचा नियम की कूलोमचं संकलन?

प्रभारित वस्तूचं विद्युत क्षेत्र काढताना गाउसचा नियम (बंद पृष्ठभागातून बाहेर जाणारं एकूण क्षेत्र फक्त आतल्या प्रभारावर ठरतं) लावावा की कूलोमच्या नियमाने (बिंदूएवढ्या प्रभाराचं क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं) तुकड्यातुकड्याचं संकलन, म्हणजे बेरीज, करावी, असा पेच पडला तर आधी वस्तूचा आकार बघा.

मेहनतीत गाउस फार पुढे. एकसमान प्रभारित भरीव गोल घ्या. तो कसाही फिरवला तरी काही बदलत नाही, म्हणून क्षेत्र त्रिज्येच्याच दिशेत आणि समान अंतरावर सारखंच असणार. मग त्याच केंद्राभोवती एक काल्पनिक गोल पृष्ठभाग निवडला की क्षेत्र गुणिले त्याचं पृष्ठफळ बरोबर आतला प्रभार भागिले एप्सिलॉन शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक). एका ओळीत कळतं: आत क्षेत्र केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतं, बाहेर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. फार देखणी पद्धत आहे ही! संकलनाने यालाच पानभर आकडेमोड लागते.

व्याप्तीत मात्र संकलन सरस. कडी किंवा आखूड दांडी असेल तर गाउसचा नियम खराच असतो, पण निवडलेल्या पृष्ठभागावर क्षेत्र एकसारखं नसल्याने समीकरणातून क्षेत्र वेगळं काढता येत नाही. कडीच्या अक्षावर संकलन सोपंही जातं, कारण आडवे घटक एकमेकांना रद्द करतात. म्हणजे सममिती इथेही कामाला येतेच.

गोल, अनंत लांब तार, अनंत प्रतल असेल तर गाउस. कडी, चकती, दांडीसाठी संकलन. लांब तारेच्या मध्याजवळ अंदाजे उत्तर चालणार असेल, तर तिथेही गाउसच घ्या.