स्टेनलेस म्हणून घेतलेला होइस्ट

"साहेब, वरून चमकी पडतेय," कोळंबी सोलणाऱ्या एका मावशींनी हाक मारली. जाऊन बघितलं तर त्यांच्या हातमोज्यावर चंदेरी खपली, नखाच्या टोकाएवढी. वर आमचा नवाकोरा होइस्ट, म्हणजे साखळीने माल उचलायचं यंत्र, लटकत होता. बसवून जेमतेम सात आठवडे झालेले. त्या दिवसाचा सगळा माल बाजूला काढावा लागला.

तळोजा एमआयडीसीतल्या मासळी प्रक्रियेच्या युनिटमध्ये मी मेंटेनन्स बघतो. बर्फाच्या पाण्यातून क्रेट उचलायला अर्ध्या टनाचा इलेक्ट्रिक चेन होइस्ट हवा होता. आमच्याकडे शिफ्ट संपली की हायपोच्या, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचच्या, पाण्याने धुणं, मग प्रेशरने गरम पाणी. साधा रंगवलेला होइस्ट वर्षभरात गंजतो, म्हणून स्टेनलेस मागितला. ठाण्याच्या एका डीलरने १ लाख ८५ हजारांत देतो म्हटलं. दुसऱ्यांचे दर याच्या दुपटीला टेकत होते. खरं तर शंका तिथेच यायला हवी होती.

माल आला तेव्हा त्याने खिशातून चुंबक काढून बॉडीला लावलं. चिकटलं नाही. "बघा साहेब, प्युअर तीनशे चार." ३०४ हा स्टेनलेसचा चांगला ग्रेड, त्याला चुंबक चिकटत नाही. मी मान डोलावली आणि चलनावर सही केली. चुंबक साखळीलाही लावून बघावं हे काही मला सुचलं नाही. चमकी पडल्यावर लावलं तर टपकन चिकटलं. साधी पोलादी साखळी, वर निकेलचा मुलामा. हायपोने मुलामा उचलला होता आणि आत कड्यांच्या सांध्यात तांबूस गंज धरला होता.

बॉडीचं निराळंच. लॅबवाल्याने धातू तपासायची गन लावली तर मँगनीज ९ टक्क्यांजवळ, निकेल जेमतेम ४. म्हणजे २०२, स्टेनलेसचाच स्वस्त ग्रेड. ३०४ मध्ये निकेल किमान ८ टक्के लागतं. चुंबक २०२ लाही चिकटत नाही, म्हणून ती खिशातली जादू चालते. त्यात माझीही एक चूक होती: रोज क्लोरीन लागणाऱ्या जागी ३०४ सुद्धा बारीक बारीक खड्डे पडून खराब होतं. तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ मागायला हवं होतं.

मोटरवर आयपी ६६ चं स्टिकर होतं. आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा, ६६ ला पाण्याचा जोरदार फवाराही चालतो. गरम पाण्याच्या फवाऱ्याने त्याचा कोपरा उचलला, मी ओढलं, तर खाली मूळ प्लेट: आयपी ५४. म्हणजे शिंतोडे चालतील, फवारा नाही. ते स्टिकर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट मागाहून कळली. स्टेनलेस साखळीची ताकद त्याच जाडीच्या ग्रेड ८० साखळीपेक्षा, म्हणजे साध्या होइस्टमधल्या मजबूत पोलादी साखळीपेक्षा, कमी असते. त्यामुळे साध्या होइस्टच्याच जाडीची साखळी आणि तोच अर्धा टन लिहिलेला दिसला, तर साखळी कसली आहे ते विचाराच. टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स आली होती, पण त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या घाणीचा (बॅचचा) नंबर, साखळीवर, हुकवर कुठेच ठोकलेला नव्हता. वार्षिक तपासणीला आलेल्या गृहस्थांनी तो कागद दोन मिनिटांत बाजूला सारला.

डीलरला फोन केला. आधी "पॉलिश करून देतो", मग "तुमचं केमिकल स्ट्राँग आहे, वॉरंटीत बसत नाही", मग साहेब मीटिंगमध्ये. वकिलांनी बिल मागितलं तेव्हा माझा चेहरा पडला. कोटेशनवर ‘एसएस ३०४’ होतं, बिलावर ‘एसएस फिनिश’, म्हणजे फक्त दिसायला स्टेनलेस. फिनिश! ६० टक्के ॲडव्हान्स आणि डिलिव्हरीला उरलेले, सगळे पैसे देऊन झाले होते. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून ग्राहक आयोगाचं दारही आमच्यासाठी जवळपास बंदच, दिवाणी दावा तेवढा उरतो.

आता ऑर्डरमध्येच कोणतं केमिकल, किती वेळा, पाण्याचं तापमान किती, ते लिहून देतो. साखळी, हुक, बॉडी, तिन्हीचे ग्रेड वेगळे लिहून घेतो, पेंडंटचा, म्हणजे खाली लोंबणाऱ्या बटणांच्या डबीचा, आयपी वेगळा, आणि ग्रीस फूड ग्रेड. शेवटचे २० टक्के आमच्या लॅबचा रिपोर्ट आल्यावर. ही अट ऐकून दोघा डीलरांनी परत फोनच केला नाही.

तो होइस्ट साखळी बदलून आता कोरड्या गोदामात पुठ्ठ्याचे बंडल उचलतो. डीलरचे व्हॉट्सॲपवर शुभ सकाळ अजून रोज येतात.