कॅम्पातलं धर्मपुस्तकांचं दुकान: एका प्रश्नासाठी तासभर

"टीचर, सगळं देवानं केलं म्हणतासा, मग सैतानाला कोण केलं?" खानापुरात आमच्या संडे स्कूलमधल्या नऊ वर्षांच्या पोरीनं विचारलं आणि मी गप्पच झाले. तो सुंदर देवदूत होता, गर्वानं पडला, हे आजीच्या तोंडून ऐकलेलं. शास्त्रात ते कुठं आहे ते सांगता येईना. शनिवारी बस धरली आणि बेळगावला कॅम्पातल्या या दुकानात गेले.

दुकान लहान, बसायला दोन स्टुलं. चालवणारे मामा कॅथलिक, मी मेथडिस्ट. त्यांनी विकायचं पुस्तक काढलं नाही. मराठी पवित्र शास्त्र उघडलं आणि यशयाचा १४ वा अध्याय मलाच मोठ्यानं वाचायला लावला. आकाशातून पडलेला तो पहाटेचा तारा, प्रभातपुत्र, म्हणजे तिथं चक्क बाबेलचा राजा! लॅटिन भाषांतरात त्या ताऱ्यासाठी 'लूसिफर' शब्द आला, आणि तेच पुढं सैतानाचं नाव होऊन बसलं. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं हे वचन सैतानाला लावलं. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिननं तो अर्थ साफ नाकारला. प्रोटेस्टंट घरात वाढून हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

मग शास्त्रातलंच ईयोबाचं पुस्तक. तिथं तर सैतान देवासमोर देवपुत्रांच्या बरोबरीनं हजर होतो आणि ईयोबाच्या भक्तीवरच शंका घेतो. मामांच्या चर्चची शिकवण १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेतली: देवानं सैतानाला आणि दुरात्म्यांना चांगलंच घडवलं, वाईट ते आपणहून झाले. इथिओपियाच्या चर्चच्या बायबलात हनोखाचं पुस्तक आहे, जे आमच्या शास्त्रात नाही. त्यात स्त्रियांच्या मोहानं देवदूत पृथ्वीवर उतरतात. ख्रिस्ताडेल्फियन नावाच्या एका लहान ख्रिस्ती पंथाच्या मते सैतान म्हणजे माणसातलंच पाप, वेगळा जीव नव्हेच. हे मला अजिबात पटलं नाही. मग रानात प्रभू येशूची परीक्षा कुणी घेतली? मामांनी वाद घातला नाही, मत्तयाचा ४ था अध्याय काढून पुढं ठेवला.

तक्रार एकच: मराठी पुस्तकं एका फळीवर, बाकी सगळी कन्नड आणि इंग्रजी. आमच्या भागात मराठीत प्रार्थना करणारी घरं किती आहेत! मोठ्या अक्षरांचं शास्त्र मिळालं, बांधणी घट्ट आहे. रविवारी दुकान बंद असतं.

त्या पोरीला मी दोन-तीन मतं सांगितली, आणि मी कोणतं मानते तेही. तिनं लगेच विचारलं, "तो बिघडणार हे देवाला ठाऊक होतं काय?" येत्या शनिवारी परत जाणार आहे.