"आधी जरा तापू द्या": फ्लायव्हील बॅकअपच्या व्यवहारात झालेली फसवणूक

वीज सांगून जात नाही. त्यामुळे वापरण्यापूर्वी ज्याला तासभर तापवावे लागते, ते यंत्र बॅकअप ठरूच शकत नाही. एवढी उघड गोष्ट विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर उलटी मांडली आणि माझे 62,35,000 रुपये बुडाले, त्यांपैकी 4,72,000 रुपये तर केवळ "वॉर्म-अप संचा"चे, म्हणजे यंत्र तापवणाऱ्या हीटरांचे. मी घेतलेला फ्लायव्हील बॅकअप म्हणजे वेगाने फिरणाऱ्या जड चाकात ऊर्जा साठवून, वीज गेल्यावर जनरेटर भार घेईपर्यंतचे काही सेकंद वीज पुरवणारे यंत्र. जुना माल रंगवून नूतनीकृत म्हणून विकायचा, बहुतेक रक्कम आगाऊ उकळायची आणि यंत्र बसवून सुरू करून दिल्यानंतर फोन उचलायचा नाही, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे.

चाचणीच्या दिवशी लोड बँक (चाचणीसाठी कृत्रिम भार देणारे उपकरण) जोडून तयार होती, तरी त्यांचा माणूस कंट्रोल पॅनेलपुढे हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आधी जरा तापू द्या." व्यवहार तिथेच मोडायला हवा होता. परंतु डिझेल इंजिनाचे कूलंट हीटरने कोमट ठेवावे लागते, म्हणजे इंजिन चटकन भार घेते, हे मला ठाऊक होते. त्याच खऱ्या गोष्टीच्या आडून ही खोटी गोष्ट माझ्या गळी उतरवण्यात आली, आणि माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने मान डोलावली असती.

वस्तुस्थिती अशी, की फ्लायव्हील बंद अवस्थेतून सुरू करताना चाकाला हवेचा अडथळा होऊ नये म्हणून आधी आवरणातील हवा व्हॅक्यूम पंपाने खेचावी लागते आणि मग चाकाला पूर्ण गती येण्यास वेळ लागतो. एकदा गती आली की ते अहोरात्र त्याच गतीने फिरत राहते. आमच्या "संचा"तील हीटरचे पट्टे आवरणावर बाहेरून गुंडाळलेले होते. आत निर्वात पोकळी असल्याने, थर्मासप्रमाणे, ती उष्णता चाकापर्यंत जेमतेमच पोहोचणार होती. आणि पोहोचून तरी काय उपयोग, चाकातील ऊर्जा तापमानावर नव्हे, गतीच्या वर्गावर (गती गुणिले गती) अवलंबून असते. गती 70 टक्क्यांवर उतरली की निम्मी ऊर्जा गेलीच. तापवण्याच्या निमित्ताने मिळालेल्या वेळात गळक्या आवरणातील हवा खेचून गती कशीबशी वर आणली जात होती, एवढाच त्याचा अर्थ. व्हॅक्यूमचा गेज झाकलेला दिसला, तर झाकण काढायला लावा.

करार 250 किलोवॅट भारावर 15 सेकंदांचा होता. चाचणी पाव भारावर झाली, 34 सेकंद मिळाले आणि "दुपटीहून अधिक" म्हणून टाळ्या पडल्या. पाव भारावर सुमारे 60 मिळायला हवे होते, हा भागाकार तिथे कोणीच केला नाही. चाचणी पूर्ण भारावरच घ्या, आणि तीही न कळवता.

प्रत्यक्ष वीज गेली तेव्हा चाकाने 3 सेकंदांत मान टाकली. जनरेटरला भार घ्यायला सुमारे 10 सेकंद लागतात. नंतर उघडकीस आले, की पॅनेलवर "तयार" दाखवण्याची गतीची मर्यादाच खाली ओढून ठेवलेली होती. ही सेटिंग चाचणीपूर्वी लेखी मागून घ्या.

पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले, "चाक फिरते ना? मग फसवणूक कसली?" गती आणि ऊर्जा यांचा संबंध मी कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तो कागद मला परत देऊन ही दिवाणी बाब असल्याचे सांगण्यात आले. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाने खरेदी व्यावसायिक असल्याचे कारण दिले. विमा कंपनीने यंत्र मुळातच सदोष होते म्हणून दावा फेटाळला, म्हणजे दोष आहे हे मान्य करणारे एकमेव कार्यालय पैसे नाकारण्यासाठीच ते मान्य करत होते! मूळ उत्पादकाने सिरियल नंबर मागितला, आणि ती पट्टी तर घासून काढलेली. पट्टीचे छायाचित्र घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

माझ्या नोटिशीला विक्रेत्याने उत्तर दिलेले नाही. मात्र वॉर्म-अप संचाच्या वार्षिक देखभालीचे 58,000 रुपयांचे बिल त्याने वेळेवर पाठवले असून, ते मी तक्रारीला पुरावा म्हणून जोडले आहे.